बाळंतिणीसाठी साठवलेलं तूप

डिंकाच्या लाडवांची कृती तुम्ही फोनवर विचारलीत, तेव्हा मी "लिहून पाठवते" एवढंच म्हणाले. तिकडच्या दुकानात डिंक मिळाला याचा तुम्हाला केवढा आनंद झाला होता! तुमच्या आईने ते लाडू कधी केले नाहीत, मीही तिच्यासमोर केले नाहीत, त्यामुळे तुम्हाला ते कुणी खाऊ घातले असण्याची शक्यताच नाही. कृती सोपी आहे, शेवटी देते. पण आमच्या घरात ते का होत नाहीत ते आधी सांगते, कारण तुम्ही पुढचा प्रश्न तोच विचाराल.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही नेरूळला बैठ्या घरात राहत होतो. एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरती जागा. रेल्वे अजून यायची होती. शिरवणे गावाच्या पलीकडे कारखान्यांची रांग होती, त्यातल्या एकात तुमचे आजोबा कामाला होते. एका सकाळी ते जेवणाचा डबा घेऊन गेले आणि तासाभरात तसाच भरलेला डबा घेऊन परत आले. फाटकाला कुलूप होतं, बाहेर पोलीस बसले होते. दुपारी तोच डबा उघडून त्यांनी ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ला. "दोनचार आठवड्यांत उघडेल," ते म्हणाले. सासूबाईंनी संध्याकाळच्या आमटीत एक तांब्या पाणी जास्त घातलं.

त्या दिवसापासून घर माझ्या पगारावर चालू लागलं. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. नवी शाळा, तुटपुंजा पगार, तोही कधी अर्धा मिळायचा. घरात आम्ही पाच जण: सासूबाई, आम्ही दोघं, तुमची आई आणि तुमचा मामा. ती दोघं तेव्हा प्राथमिक शाळेत होती.

बाजार माझ्याकडे, स्वयंपाक सासूबाईंकडे. रविवारी सकाळी मी बसने तुर्भ्याला कांदा-बटाट्याच्या बाजारात जायची. तिथे गोणीतून निवडून बाजूला टाकलेला बारीक कांदा स्वस्त मिळे, त्याला गोल्टी म्हणत. सोलताना जीव जायचा, पण चवीला काही कमी नसे. डागी बटाटे आणून डाग कोरून काढायचे. रेशनच्या तांदळात खडे असत आणि रेशनच्या तेलाला एक जड वास असे. तो जाण्यासाठी सासूबाई तेल तापवून त्यात चिंचेचं बुटूक टाकत. फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा पाला, दुधीची सालं, कलिंगडाचा पांढरा भाग, सगळ्याचं काही ना काही होई. मटकी मोड आणून दुप्पट करायची आणि उसळीला रस्सा ठेवायचा, म्हणजे भाकरी कुस्करून पोट भरतं.

शिरवण्याची एक मावशी पाटी घेऊन दारावर यायची. तिच्याकडून मी जवळा, म्हणजे सुकवलेली अगदी बारीक कोलंबी, वाट्याने घेत असे. घासाघीस केली की ती ओरडायची, "मास्तरीन बाय, तू तर जवला पन मोजून नेशील! पोरं पन मोजूनच जेवतात काय तुजी?" मी हसायची. तुमचा मामा मात्र आतून खरंच ओरडून सांगायचा, "हो! दोन भाकऱ्या!" आणि मावशी पदर तोंडाला लावायची.

अशात माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. खर्च माहेरचा. ती ठाण्याला दिली होती. सातव्या महिन्यात तिच्या सासरी डोहाळजेवण झालं आणि जावई तिला आणून सोडून गेले. कारखान्याला कुलूप आहे हे तिकडे कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंनी आम्हाला आधीच बजावलं होतं, "तिकडे कळता कामा नये. नाहीतर जन्मभर ऐकवतील, माहेर भिकेला लागलंय म्हणून." म्हणून जावई आले त्या दिवशी तुमचे आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून, हातात रिकामा डबा घेऊन सकाळीच बाहेर पडले आणि दिवसभर कुठेतरी बसून संध्याकाळी परत आले.

नणंदेला मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी बसून गोल्टी सोलू लागली आणि म्हणाली, "वहिनी, मला पण मोजूनच वाढा हं. उगाच पाहुणी करू नका."

आता तुपाचं सांगते. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, वर तूप, हे सगळं लागतं. शिवाय बारशाला व्याही-विहीण येणार, तेव्हा लाडवांचा डबा त्यांच्यापुढे ठेवावा लागणार, आणि लेक सासरी जाताना एक डबा भरून तिच्याबरोबर द्यावा लागणार. सासूबाईंना एकच चिंता होती, त्या डब्यात काही कमी दिसू नये. साजूक तूप विकत घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून घरात येणारं दूध रोज तापवून, निववून, त्याची साय काढून त्या साठवू लागल्या. सगळ्यांसाठी येणारं दूध तेवढंच होतं. मुलांना, आम्हाला आणि नणंदेलाही साय काढलेलं निळसर दूध मिळे. आठवडाभराची साय विरजून, घुसळून लोणी, लोण्याचं तूप. ते चिनीमातीच्या बरणीत फडक्याने तोंड बांधून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं जाई. खारीक, खोबरं, खसखस, डिंक, मूठभर बदाम हेही असंच जमत गेलं. बाळंतिणीसाठी जमवलेल्या वस्तूंना हात लावायचा नाही, हे मुलांनाही पाठ झालं होतं.

तूप कढवलं की कढईच्या तळाशी बेरी राहते, तपकिरी, खमंग. साखर घालून ती मुलांना द्यायची पद्धत. एका रविवारी तूप कढत असताना नणंद दारात येऊन उभी राहिली. आठवा महिना संपत आला होता. हात बारीक झाले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत.

"आई, आज बेरी मला देशील?"

"तू काय लहान आहेस?" सासूबाई हसून म्हणाल्या. "पोरं कधीची वाट बघतायत."

"मला डोहाळे लागलेत म्हण."

"आठव्या महिन्यात कसले गं डोहाळे? आणि बाळंत झालीस की तूपच तूप आहे तुला. बरणीभर."

मुलं वाट्या घेऊन बसलीच होती. तुमच्या आईने तिच्या वाटीतलं बोटभर आत्याला दिलं. ते तिने चाटून घेतलं आणि बोट तसंच तोंडात धरून ती दारातून परत गेली.

त्याच आठवड्यात मी तिला वाशीच्या प्रसूतिगृहात तपासायला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तिचं वजन बघून मलाच विचारलं, "ही खाते काय?" मग दूध, अंडी, पालेभाजी, डाळ असं सगळं सांगितलं. मी घरी येऊन ते जसंच्या तसं सासूबाईंना सांगितलं आणि म्हटलं, "आई, निदान तिच्या दुधाची साय काढू नका. वरचं तूप आहे तेवढं पुरे."

"पुरे कसं? विहीणबाई डबा उघडून बघणाऱ्यातल्या आहेत," त्या म्हणाल्या. "आणि आत्ता भरपूर खाल्लं की पोट मोठं होतं, पोर मोठं होतं, मग अडतं. मग कापाकापी. त्याचा खर्च कुठून करणार? माझी सगळी बाळंतपणं पेजेवर झाली. पोर लहान असलं की सुटका सोपी होते."

नणंद पलंगावर पडून ऐकत होती. "वहिनी, जाऊ दे," ती म्हणाली. "मला खरंच भूक नसते."

सासूबाई दुष्ट नव्हत्या, हे तुम्हाला समजायला हवं. त्या स्वतः सगळ्यांच्या मागून जेवत आणि कढईला भाकरी पुसून उठत. लेकीला सासरी मान मिळावा म्हणून त्या जीव टाकत होत्या आणि तो मान त्या बरणीत होता असं त्यांना वाटत होतं. तुमच्या आजोबांनी माझ्या शाळेतल्या शिपायाच्या ओळखीने थोडी अंडी आणली, ती सासूबाईंनी अर्धी अर्धी करून सगळ्यांना वाढली. घरात एकटीला अंडं वाढायची सवयच कुणाला नव्हती.

सुटका खरंच सोपी झाली. मुलगी झाली. इतकी लहान, की दायीने तिला एका हातावर घेतलं. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाई फक्त "वजन फार कमी आहे" म्हणाल्या. कशामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्याच दुपारी सासूबाईंनी बरणी खाली काढली. डिंक तुपात टाकला की लाहीसारखा फुलतो, सगळं घर त्या वासाने भरून गेलं. मुलं शाळेतून आली ती दारातच थांबली. "आत्याचे आहेत," सासूबाई म्हणाल्या आणि लाडू वळत राहिल्या. फार सुंदर झाले होते, एकसारखे, वर एकेक बदाम. पत्र्याचा मोठा डबा भरला.

बाळ आठवडाभरही राहिलं नाही. तुमचे आजोबा आणि जावई तिला घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. तिचं नावही ठेवायचं राहून गेलं.

नणंद घरी आली. मूल नसलं तरी बाळंतीण ती बाळंतीणच. अंगाला तेल, डोक्याला रुमाल, खाटेखाली शेगडी. रोज सकाळी सासूबाई तिच्या हातात एक लाडू ठेवत. "खा गं. अंग पोकळ झालंय, भरून यायला हवं." ती लाडू घेई आणि भिंतीकडे तोंड करून बसे. आई आत गेली की लाडू उशीखाली. मला सापडले तेव्हा मी ते पुसून परत डब्यात ठेवले. टाकायचे कसे? आणि मुलांना द्यायचे कसे? तुमचा मामा तर डब्याकडे बघायचाही नाही. जवळा विकणाऱ्या मावशीने दारातून विचारलं, "काय झालं गं, बाय, पोर का पोरगी?" आणि माझा चेहरा बघून पाटी उचलून पुढे गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी भाव करताना थट्टा करत नसे.

सव्वा महिन्याने जावई न्यायला आले. सासूबाईंनी डबा पुसून, वर नवं फडकं बांधून तिच्या पिशवीत ठेवला. "आई, नको," ती म्हणाली. "असं कसं? रिकाम्या हाताने पाठवू तुला?" सासूबाईंनी पिशवीची गाठ स्वतः मारली.

दिवाळी आली, तेव्हा जावई एकटेच आले. हातात तोच डबा. त्यांनी तो उंबऱ्याच्या आत ठेवला आणि खाली बघत राहिले.

"आमच्या आईने परत दिलाय."

"का?" सासूबाईंनी विचारलं. "तिने खाल्ले नाहीत?"

"तिला दिलेच नाहीत. आई म्हणाली, आपल्याकडे बाळंतीण कुठे आहे? मूल असतं तर हे शोभलं असतं." मग ते म्हणाले, "मी सांगून बघितलं हो."

चहा अर्धा ठेवून ते गेले. सासूबाईंनी फडकं सोडलं. लाडू जसेच्या तसे होते, फक्त वास बदलला होता. तूप खवट झालं होतं. मला वाटलं, आता फेकतील. त्यांनी मोठी परात घेतली, लाडू एकेक करून फोडले, कढईत परतले, थोडा गूळ आणि सुंठ घातली आणि पुन्हा वळले. मग सगळ्यांना बोलावलं. मुलांना, तुमच्या आजोबांना, मला. आणि पहिल्यांदाच त्या आमच्याबरोबर पंगतीत बसल्या.

सुंठीने वास गेला नाही. आम्ही खाल्ले. तुमची आई रडत रडत खात होती. "आवडत नसेल तर ठेव," मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "ठेवू नकोस. संपव." त्यांनी स्वतः दोन खाल्ले आणि उठून डबा घासायला घेतला.

कारखान्याचं कुलूप निघालंच नाही. तुमच्या आजोबांना पुढे दुसरीकडे नोकरी मिळाली. नणंदेला पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिने कळवलं, की मी सासरीच राहते. सासूबाईंनी "बरं" म्हटलं. साय साठवायचं मात्र त्यांनी त्या दिवाळीपासूनच बंद केलं होतं. दूध सायीसकट वाटून टाकत.

आता कृती. डिंक जाडसर कुटून गरम तुपात थोडा थोडा फुलवून घ्या. सुकं खोबरं किसून भाजा, खसखस भाजा, खारकेची पूड तुपावर परता. गुळाचा पाक करून सगळं एकत्र करा आणि कोमट असतानाच वळा. तुपाला हात आखडू नका. वळले की त्याच दिवसापासून खायला घ्या, पाहुण्यांसाठी डबा भरून ठेवू नका. आणि तूप घरीच कढवलंत, तर तळाशी बेरी राहील. घरात कुणी दिवस गेलेली बाई असेल, तर बेरी तिला द्या. ती मागेपर्यंत थांबू नका.