गावठाणाचा दगड आणि विसावा

तो दगड अजून माझ्या मनातून हलत नाही. मी तेव्हा शहादा भागात पोलीस जमादार होतो. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे कलमं पाठ नव्हती, कामापुरती ठाऊक होती.

खबर आली आठवडे बाजारात. वांगी विकणारी एक बाई म्हणाली, "जमादार, तुम्ही निस्ता चोरच धरतस का दगड बी? आमना गावना दगड चाली ऱ्हायना."

मी हसलो, पण पाठोपाठ मामलेदार कचेरीतून तपासाचा हुकूम आला. गावठाणाच्या हद्दीचा दगड पुढे सरकवल्याचा संशय होता. दगडाच्या आत घर बांधायला हरकत नसे. बाहेर मात्र शेतजमीन. तिथं घर बांधायचं तर धुळ्याहून कलेक्टरची बिनशेती परवानगी लागे. नाही घेतली तर दंड, आणि वर घर पाडायचा हुकूम.

गावात गेलो. एका बड्या शेतकऱ्यानं गावालगतचा शेताचा तुकडा गावठाण म्हणून शहाद्याच्या एका मुसलमान सुताराला विकला होता. सुतार गाड्या बनवायचा. घर उभं झालं होतं, कौलं चढत होती. घराच्या पलीकडे दगड. मी दगडाच्या दोन्ही बाजूंची माती हातात घेऊन पाहिली. तीच काळी माती, तेच ऊन. मग इकडे घर चालतं आणि तिकडे का नाही? मला मोठा अचंबा वाटला.

शेतकऱ्याला चावडीवर बसवून विचारलं. तो सुपारी कातरत म्हणाला, "सरकारना दगडले मी कसाले हात लावू? तो शे तठेच शे. तुम्ही दगडनी जबानी ल्या."

आजूबाजूचे हसले. गावातला एकही माणूस तोंड उघडेना. मोजणीदार पिकं निघाल्याशिवाय येणार नव्हता.

सुतार मात्र मला वाटेत गाठून म्हणाला, "साहेब, दगड हालना नही आस्सं लिखी टाका. आत्ते मन्हं छप्पर चढनं."

फसवला गेलेला माणूसच फसवणूक झाली नाही म्हणा म्हणतो, हे मी नोकरीत पहिल्यांदा पाहिलं.

घरी जेवताना मंडळीला हे सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग आपलं घर दगडना कोणत्या आंगले शे?"

पुढच्या खेपेला गावात गेलो तर त्या शेतकऱ्याची चुलती वारलेली. चौकशी थांबवली, टोपी काढली आणि अंत्ययात्रेमागे चालू लागलो. पुढच्या खांद्याला तो स्वतः होता. आमच्याकडे गावठाण संपतं तिथं तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात. त्याला विसावा म्हणतात. दगड हलल्यानंतर गावातलं ते पहिलंच मरण.

खांदेकरी चालत होते. सुताराच्या घराच्या अलीकडेच सगळ्यांचे पाय थांबले. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. तिरडी खाली आली. शेतकऱ्यानं मान वर केली. दगड पार पुढे, घराच्या पलीकडे. त्यानं दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सुतार दारात उभा होता, त्यानं हातातलं कौल खाली ठेवलं.

उत्तरकार्य होईपर्यंत मी त्या गावात पाय ठेवला नाही. मग गेलो आणि एकच विचारलं, "काकीला कुठं टेकवलं?"

तो म्हणाला, "पाय तठेच थांबी गयात, जमादार. मी काय करू?"

तिरडी टेकवली होती तिथं पंचांसमोर खणलं. मोजणीवाले हद्दीच्या दगडाखाली खुणेसाठी कोळसा पुरत, तो निघाला. शेतकऱ्यानं कबुली दिली, शिक्षा झाली. सुताराचं घर वाचवण्यासाठी परवानगीचा अर्ज त्यालाच करायला लावला. तोवर सुताराची कौलं अर्धीच राहिली. धुळ्याहून मंजुरी आली तेव्हा त्यानं उरलेली चढवली.

माणूस तोंडानं खोटं बोलतो, पण सवयीनं चालणाऱ्या पायांना खोटं जमत नाही, हे मी तिथं शिकलो. पुढे फौजदार झालो तरी आधी पाय बघत असे.

आता मंडळी नाही. तिला नेलं तेव्हा आमच्या गावचा विसावा प्लॉटांत गेला होता. परवानगी असलेली, रीतसर घरं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खांदेकरी तरुण, कुठं थांबायचं त्यांना कळेना, ते चालतच राहिले. एका अनोळखी घराच्या फाटकापाशी माझे पाय थांबले.

मी म्हटलं, "इथं टेकवा."