दादाच्या बाहीवरचं भोक

लाँड्रीच्या मागच्या खोलीत एकच खिडकी होती, आणि त्या खिडकीखाली गेली अडतीस वर्षं एकच बाई बसत होती. पुढे काउंटरवर लोक यायचे, कपडे टाकायचे, पावती घ्यायचे, डाग गेला नाही म्हणून भांडायचे. मागे कुणी बसलंय हे निम्म्या गिऱ्हाइकांना ठाऊकही नव्हतं. पण कुणाचा कोट उंदराने कुरतडला, कुणाची पँट खिळ्याला अडकली, की मालक तिथूनच ओरडायचे, "रफूताई, जरा बघा हो!" आणि रफूताई चष्मा कपाळावरून नाकावर आणून म्हणायची, "ठेवा. आणि उद्या मागू नका."

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे ती भेटेल त्याला सांगे. ठिगळ काय, कुणीही लावेल. रफूत त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे ओढायचे आणि भोकाच्या जागी एकेक उभा, एकेक आडवा असं कापड पुन्हा विणायचं. बाहेरचा एक धागा चालत नाही. "कापडालासुद्धा कळता कामा नये, आपल्याला काही झालं होतं म्हणून," असं तिचं म्हणणं. तिचं रफू शोधून दाखवायची पैज मालकांनी कितीदा लावली आणि कितीदा हरले. शेवटी त्यांनी पैज लावायचंच सोडून दिलं. माणूस हट्टी होता, पण मूर्ख नव्हता.

इस्त्रीची टेबलंही त्याच खोलीत. सकाळी दहापर्यंत खोली वाफेने भरून जाई, आणि खिडकीतलं ऊन त्या वाफेत शिरून तिथेच रेंगाळत राही. अशा वेळी रफूताई बसल्या जागेवरून कुठल्या कुठे निघून जायची. हात चालू, डोळे कापडावर, आणि मन त्या कपड्याच्या धन्याबरोबर हिंडायला. झिजलेल्या एका खिशावरून ती अख्खं घर उभं करी. त्यात बायको आली, तीन मुलं आली, सारखे खोकणारे एक सासरेही आले. त्या सासऱ्यांशी ती मनातल्या मनात तासभर बोले. खरंखोटं देव जाणे! पण तिचं स्वतःचं घर एका खोलीचं आणि एका माणसाचं. दुसऱ्याच्या घरात घटकाभर जाऊन बसली, तर कुणाचं काय जात होतं?

नाताळ जवळ आला की मात्र या साध्यासरळ बाईच्या अंगात चोर शिरे. पगार बेताचा. दुकानातून भेटवस्तू आणायच्या म्हणजे अंथरुणाबाहेर पाय. म्हणून डिसेंबर लागला की ती ओळखीच्या घरी चहाला जाई आणि निघताना एखादी फाटकी वस्तू गुपचूप पिशवीत टाकून पसार होई. शेजारणीचा हातमोजा, तिच्या नातीचं पोट फुटलेलं कापडी अस्वल, मालकांची छत्री. नाताळच्या दिवशी ती वस्तू धडधाकट होऊन, कागदात बांधून परत. फूल ना फुलाची पाकळी! डिसेंबरात काही हरवलं तर तिच्या ओळखीतलं कुणी शोधत बसत नसे. एका वर्षी ऐन अवकाळी पावसात मालकांची छत्री खरोखरच चोरीला गेली, आणि बिचारे नाताळपर्यंत हसतमुखाने भिजत राहिले.

एकच वस्तू तिच्या हाताला कधी लागली नाही. तिच्या दादाचा कोट.

दादा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, बस चालवायचा. त्याच्याकडे चांगला असा एकच कोट, करडा, लोकरीचा. त्याच्या डाव्या बाहीवर, मनगटाच्या चार बोटं वर, अंगठा जाईल एवढं भोक. कडा तपकिरी. इस्त्रीच्या टोकाचा चटका, रफूताईने तो झोपेतही ओळखला असता. तीस वर्षं ती म्हणत आली, "दे रे दादा, दहा-बारा दुपारींचं काम." आणि तीस वर्षं तो बाही मागे ओढून हसत आला, "पुढच्या वर्षी गं." डिसेंबरभर तर पठ्ठ्या तो कोट अंगातून काढतच नसे.

हे तिला लागायचं. का नाही लागणार? सगळ्या जगाची भोकं बुजवणारी बाई, आणि तिचा सख्खा भाऊ भोक मिरवत बस चालवतो! लोक काय म्हणत असतील? दादा कपडे दुसऱ्या लाँड्रीत देतो आणि त्यांनीच जाळलाय, असं तिने आधी ठरवलं. मग वाटलं, त्याला माझं कामच पसंत नाही. कधी वाटे, वहिनीच देऊ देत नसेल. दर वर्षी नवं कारण निघे आणि दर वर्षी ती एक दिवस रुसून बसे.

मग यंदा, उन्हाळा सरता सरता, दादा गेला. झोपेतच गेला, कुणाला त्रास न देता, त्याच्या स्वभावाप्रमाणे.

नणंद-भावजयीचं आधी फार सूत होतं असं नाही. रफूताईच्या जिभेला हाड नव्हतं आणि वहिनी मुलुखाची अबोल. पण दादाच्या मागे रफूताई दर रविवारी वहिनीकडे जाऊ लागली. दोघी खिडकीशी बसत, खालच्या रस्त्यावरून जाणारी माणसं बघत, आणि चहा दोन कपांत ओतला जाई. जगात तिला "वन्सं" म्हणून हाक मारणारं आता एवढं एकच माणूस उरलं होतं. हे माणूस तुटलं तर आपल्याला कुणी नाही, हे रफूताईला चांगलं कळत होतं. ती तसं बोलली नाही इतकंच.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वहिनी चहा ठेवायला आत गेली आणि रफूताईने दारामागच्या खुंटीवरचा कोट घडी करून पिशवीत टाकला. चहा पितानाही तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

जेवणाच्या सुट्टीत इस्त्र्या थांबत, तेव्हा ती कोट काढी. आधी तिने जळकी कड कातरून टाकली. जळका धागा नव्याला धरत नाही, हे कामाचं पहिलं सूत्र. मग आतल्या दुमडीतून धागे ओढले आणि विणायला बसली. रेंगाळलेल्या वाफेत, धुतलेल्या चादरींच्या ढिगावर, दादा येऊन बसायचा. अगदी रोज. पाय हलवत, ड्रायव्हरची टोपी मांडीवर ठेवून.

"अगं, ऐक तरी," तो म्हणायचा.

"गप्प बस, धागा तुटेल."

"अगं पण..."

"तीस वर्षं तुझं ऐकलं. आता हात हलवू नकोस." असं म्हणून ती त्याला सगळं सांगत बसे: मालकांची कंबर धरलीय, वहिनी नीट जेवत नाही, मी लक्ष ठेवून आहे हो. दादा काहीतरी बोलू बघे, बाही मागे ओढू बघे, आणि ही आपली बोलतच. जित्याची खोड, दुसरं काय! सुट्टी संपली की वाफ उसळे आणि चादरींचा ढीग नुसता ढीग होऊन जाई.

बाराव्या दुपारी काम संपलं. तिने बाही खिडकीशी धरली, उलटसुलट केली. भोक नव्हतं. कधी नव्हतंच जणू. मालकांनी डोळ्याला भिंग लावून पाहिलं आणि नुसते हात जोडले. रफूताईच्या डोळ्यांना पाणी आलं, तर म्हणाली, "मेली वाफ!"

नाताळच्या दुपारी दोघी वहिनीच्या खोलीत जेवल्या. वहिनीचं लक्ष जेवणात नव्हतं. डोळे ओढलेले, खोलीतली कपाटं अर्धवट उघडी, ट्रंक मधोमध ओढून ठेवलेली. रफूताईने मोठ्या थाटात पुडकं पुढे ठेवलं.

कागद सुटला आणि वहिनीने कोट पाहिला. "अगं बाई! हा तुमच्याकडे होता? वन्सं, तीन आठवडे घर उलथंपालथं केलं मी! डिसेंबर आहे हे यंदा सुचलंच नाही मला. वाटलं, जुने कपडे देऊन टाकले त्यात चुकून गेला." तिने कोट छातीशी धरला आणि डोळे मिटले. रफूताईला वाटलं, बस्स, आयुष्याचं सार्थक झालं.

मग वहिनीचा अंगठा सवयीने डाव्या बाहीवर गेला. फिरला. पुन्हा फिरला. तिने बाही उजेडात धरली, मग उजवी पाहिली, मग परत डावी.

"भोक कुठंय?"

"शोध!" रफूताई टाळी वाजवून म्हणाली. "सापडलं तर नाव बदलीन!"

वहिनीने कोट हळूच खुर्चीवर ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी लावली. थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, "वन्सं, तुम्ही घरी जा."

दुसऱ्या कुठल्या दिवशी ती तावातावाने निघून गेली असती आणि वर चार शब्द सुनावले असते. आज तिला उठवेना. ती दाराशी जमिनीवर बसली आणि जन्मात पहिल्यांदा, कुणी न सांगता, गप्प राहिली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत सरकत ट्रंकेपर्यंत आलं, तेव्हा दारामागून आवाज आला.

"तो मी जाळला होता. लग्नाला आठ दिवस झाले होते. विजेची इस्त्री कधी धरली नव्हती मी. ह्यांचा एकुलता एक कोट! मी रडून रडून अर्धी झाले. तर हे म्हणाले, रडू नकोस, फक्त माझ्या बहिणीला कळता कामा नये. ती लाँड्रीतली. तुला जन्मभर ऐकवेल."

रफूताईने पदराचं टोक तोंडात धरलं.

"थंडीत रोज सकाळी कामावर निघताना माझा अंगठा धरून त्या भोकात घालायचे. म्हणायचे, ही माझ्या बायकोची सही. तीस वर्षं." आत तिने नाक ओढलं. "ऐकवलं असतंत का हो, वन्सं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं खरं. पण रफूताई म्हणाली, "ऐकवलं असतं. जन्मभर."

कडी निघाली. वहिनी दारात उभी, डोळे लाल. "उसवा ते," ती म्हणाली.

उसवायचं तर आधी सापडायला हवं! चष्मा लावून, चष्मा काढून, खिडकीशी, दिव्याखाली, रफूताईला स्वतःचंच रफू दिसेना. शेवटी तिने डोळे मिटले आणि बोटांना विचारलं. बोटं खोटं बोलत नाहीत. एका जागी विणीला केसभर ताठरपणा लागला, आणि तिथे तिने सुईचं टोक घातलं. बारा दुपारींचं काम तासाभरात चिमूटभर धाग्यांचं झालं. वहिनीने अंगठा घातला. बराच वेळ तसाच ठेवला.

"हे ते नाही," ती म्हणाली.

नव्हतंच. कातरीने नेटकं केलेलं, स्वच्छ, करडं भोक. तपकिरी कड लाँड्रीच्या कचऱ्यात कधीच झाडून गेली होती.

"वहिनी, मला माफ कर," रफूताई म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना. "दादाची गोष्ट होती ती. मी माझी कलाकुसर दाखवत बसले. मला क्षमा नाही."

वहिनी बाहीकडे बघत राहिली. मग कपाटातून इस्त्री काढली, टेबलावर कांबळं अंथरलं आणि बटण दाबलं.

"वन्सं, बाही ताणून धरा."

"वहिनी! अगं..."

"धरा हो."

अडतीस वर्षं जळलेलं सांधत आलेली बाई ती. तिने आधी हात पाठीमागे घेतले. पण कामाची सवय कुठे जाते? तिने बाहीत हात घालून अस्तरावर ओल्या फडक्याची घडी सरकवली, कापड ताणून धरलं, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. वहिनीने इस्त्रीचं टोक भोकाच्या कडेला टेकवलं, नको तितका वेळ टेकवलं, मग पलीकडच्या कडेला. जळक्या लोकरीचा वास सगळ्या खोलीत पसरला. वहिनीने इस्त्री उभी ठेवली, फुंकर घातली आणि तपकिरी कडेतून अंगठा आत घातला. तिचा चेहरा कसा निवळला, ते रफूताई बघतच राहिली.

मग तिची नजर बाहीवर गेली. एका बाजूला कड पार काळी, दुसऱ्या बाजूला कच्ची, आणि भोक चांगलं दीडपट झालेलं. अडतीस वर्षं लाँड्रीत मुरलेली जीभ ती, राहवेल कशी?

"काय हे, वहिनी! लग्नाला तीस वर्षं झाली, अजून इस्त्री धरता येत नाही तुला!"

बोलून झालं आणि तिने झटकन तोंडावर हात ठेवला. वहिनीला हसू फुटलं, हसता हसता ती रडायला लागली आणि रफूताईच्या खांद्याला धरून मटकन खाली बसली.

"तीस वर्षं ह्याच वाक्याला भीत होते मी," ती म्हणाली. "अजून ऐकवा ना, वन्सं. थांबू नका."