जत्रेतला सरळ आरसा

परवा नातीला घेऊन मोठ्या करमणूक उद्यानात गेलो होतो. तिथल्या आरशांच्या खोलीत ती एकात लांबुडकी, एकात बसकी होऊन खिदळत होती. मी मात्र एका साध्या आरशापुढे थांबलो, आणि पाथर्डीची जत्रा आठवली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी बी.ए. झालो होतो, आमच्या घरातला पहिला. नगरला कॉलेजात सत्कार होता, पण आई यायला तयार नव्हती. "माझा अवतार बघ. तुलाच हसतील पोरं," एवढंच म्हणायची. घरातला आरसा तळहाताएवढा, कुंकवापुरता.

त्या वर्षी जत्रेत आरशांचा तंबू पहिल्यांदाच आला होता. आत तापलेल्या ताडपत्रीचा वास आणि नुसता हशा. आई वाकड्या आरशांपुढून न थांबता गेली आणि शेवटच्या सरळ आरशापुढे उभी राहिली. जोडव्यांपासून पदरापर्यंत स्वतःला बघत राहिली.

"आई, ह्यो साधाच हाय. ह्यात काय मजा?"

"थांब जरा."

मागून एक बाई म्हणाली, "मावशे, नवरी हायेस का? सरक की."

आईनं पदर नीट केला. "एवढी काय वाईट न्हाई मी," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "कवा हाय रं तुझा सत्कार?"

तिनं स्वतःला अख्खं त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं, हे माझ्या बी.ए.च्या डोक्यात शिरायला फार वर्षं लागली.

"आजोबा, तो साधाच आरसा आहे. चला ना," नात हात ओढत होती.

"थांब जरा," मी म्हणालो.