हिमयुगात न भाजलेला राब

माझं वाचन पत्रकांवर सुरू झालं. वडील महाडात राहून आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या अन्यायाविरुद्ध पत्रकं काढत आले, आणि उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. त्यामुळे एखादी गोष्ट कळली की ती छापून वाटायची, एवढंच मला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी मला हिमयुगं कळली. 'आपण हिमयुगात राहतो' असं शीर्षक देऊन मी पत्रक काढलं आणि मे महिन्याच्या भर दुपारी महाडच्या एसटी स्टँडवर वाटलं. एका गृहस्थांनी ते शेवटपर्यंत वाचलं, मग घडी घालून त्यानंच वारा घेतला.

मजकूर खरा होता. पृथ्वीच्या साडेचार अब्ज वर्षांत मोठी हिमयुगं निदान पाच झाली. सर्वांत जुनं सुमारे तीस कोटी वर्षं टिकलं. आपण पाचव्यात आहोत; ध्रुवांवर बर्फ आहे तोवर ते संपलं असं म्हणता येत नाही. या हिमयुगाच्या आतही अलीकडे सुमारे लाख वर्षांचा फेरा चालतो : बराच काळ कडक थंडी, मग काही हजार वर्षांची उबदार सवड. माणसाची सगळी शेती अशा एकाच सवडीत झाली आहे. ही घडी आता धुरानं विस्कटते आहे, असं शेवटी लिहिलं होतं, आणि धूर करणाऱ्यांची यादी दिली होती : कारखाने, गाड्या, राब भाजणे. दोनच नावं अपुरी वाटत होती म्हणून तिसरं घातलं.

उरलेली पत्रकं घेऊन मी पोलादपूरवरून कुडपणला काकीकडे गेलो. काका वारल्यापासून ती भाताची पाच खाचरं एकटी करते. तिच्या भाताच्या वाफ्यावर शेण, टहाळ्या आणि पालापाचोळा रचून तयार होता. हे पेटवलं की जमिनीतलं गवताचं बी मरतं, मग पावसाच्या तोंडावर तिथं रोपासाठी भात पेरायचं. यालाच राब म्हणतात. मी तिला पत्रक वाचून दाखवलं.

"हे असं किती येळा झालं?"

"मोठी पाच."

"आन राहतं किती?"

"पहिलं तीस कोटी वर्षं होतं."

"आमच्याकडचे पाव्हणे बरे म्हणायचे. आन आता बर्फ कुठं हाय?"

"ध्रुवांवर."

"मी हितं राब भाजते म्हणून तिकडं वितळतो?"

"सगळ्यांनी मिळून भाजल्यानं."

"मी तर एकटी हाय रे."

"सुरुवात एकानंच करायची असते," मी म्हणालो. हे वाक्य मी वडिलांच्या एका पत्रकात वाचलं होतं.

तिनं मुंबईला मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "ऐक त्याचं, तो वाचून बोलतो. पण आई, या साली लावणी हुकली तर जमीन पडीक टाकायची आन इकडं यायचं. एकटीनं किती वर्षं करशील?" काकीला मुंबई नको होती. तरी तिनं माझ्याकडे बघितलं आणि उठली. रचलेला पाला आम्ही दोघांनी उचलून बांधावर टाकला.

जूनमध्ये वाफ्यात भात उगवलं आणि भातासारखंच दिसणारं गवतही उगवलं. मी रजा काढून गवत उपटायला गेलो. संध्याकाळी काकीनं माझा ढीग चाळला. निम्मं भात होतं. तिनं मला दुसऱ्या दिवसापासून फक्त भाकऱ्या शेतावर न्यायला सांगितल्या. भाकऱ्या नेताना लक्षात आलं की कोट्यवधी वर्षं जमिनीखाली असलेल्या कोळशाचा धूर आणि पुन्हा पाल्यातच परतणारा गेल्या वर्षीच्या पाल्याचा धूर मी एकाच ओळीत छापला होता.

लावणीला रोप कमी पडलं. कुडपणात लावणी संपलेल्या घरी उरलेलं रोप मागायला जातात. ते विकत नाहीत, देतात. पण त्यांचं संपेपर्यंत थांबावं लागतं. आम्ही थांबलो, मग घरोघर गेलो.

"पत्रकवाला पुतण्या तो हाच ना गो?" एका म्हाताऱ्यानं काकीला विचारलं.

"हाच."

"बर्फ पडला का रे?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"मग ह्या चार जुड्या ने. पडायच्या आधी लाव."

तीन खाचरं लागली. दोन राहिली, आणि मागायला घर उरलं नाही. त्याच दुपारी मुलाचा फोन आला. काकीचे हात चिखलात होते. "समदी लागली म्हणून सांग," ती म्हणाली आणि मानेनं फोन दाखवला.

मी फोन घेतला. "तीन लागली, दोन राहिली. चूक माझी, तिची नाही."

काकीनं माझ्याकडे फार वाईट नजरेनं पाहिलं.

 पलीकडून तो म्हणाला, "आईला दे." मी स्पीकर लावून फोन तिच्यापुढे धरला.

"आई, बोललो होतो ना मी? आता ये इकडं."

"लागलीत त्यातलं गवत कोण काढंल? तू?"

"आई, पण दोन खाचरं पडीकच ना?"

"तीन खाचरांचं भात मला पुरतंय. दोनासाठी गाव सोडू व्हय? पुढल्या साली मे महिन्यात आठ दिस सुट्टी काढ. मी राब भाजणार हाय."

"आन तो?"

"तो पाला आणंल."

मला कुणी विचारलं नव्हतं. तिनं कोपरानं फोन बाजूला सारला आणि खालच्या खाचराचा बांध फुटलाय, पाणी चाललंय, म्हणाली. मी कुदळ घेऊन गेलो.