गळाचे वार, पोहण्याचे वार

बनुबाईचे निम्मेच तांदूळ निवडून झाले होते, तेवढ्यात तळ्यावर कालवा ऐकू आला. सूप तसंच ठेवून ती धावली. आष्ट्याजवळच्या त्या तळ्यावर जोतिबाचा लाकडी धक्का होता. त्याच्या होडीतून ती वीस वर्षं रोज पलीकडच्या देवळाला जाई. आज जोतिबा पहारीनं त्याच धक्क्याच्या फळ्या उचकटत होता.

एकाहत्तरच्या लढाईहून परतलेला तिचा चुलतदीर मानसिंग धक्क्यावर गळ टाकून बसला होता. तो गळ पोहणाऱ्या ज्ञानू पैलवानाच्या लंगोटात अडकला होता आणि धक्क्यावरून दोघांचं पुन्हा जुंपलं होतं.

“मला वाटलं लय मोठा मासा गावला, वैनी. वढला जोरात,” मानसिंग म्हणाला. लंगोट त्याच्या हातात होता आणि ज्ञानू गळ्याएवढ्या पाण्यात.

“धक्का माजा आन् भांडणं तुमची. मोडूनच टाकतो,” जोतिबा म्हणाला.

होडी बंद म्हणजे देऊळ बंद. पण बनुबाईला सगळ्यांचे उपासतापास तोंडपाठ होते.

“भावजी, सोमवारी मासं खाता?”

“न्हाई. गुरुवारी, शनिवारी, एकादशीलाबी न्हाई.”

“मग ते दिवस पैलवानांचे. सबंध श्रावणबी त्यांचाच. बाकीचे तुमचे. आन् होडी लागताना धक्का दोघांनीबी सोडायचा.”

“आज बुधवार, म्हंजे माजाच,” मानसिंग हसला.

“व्हय गड्या, पर लंगोट माजा हाय. टाक हिकडं,” ज्ञानू म्हणाला.

जोतिबानं पहार खाली ठेवली. “पर एकादशी कवा, हे आमाला कोण सांगणार?”

बनुबाई तिथूनच तवनाप्पाच्या दुकानाकडे वळली, धक्क्याच्या खांबाला टांगायला कॅलेंडर आणायला.