आजारी पडायला नोकरी लागते

नोकरी असते तेव्हा माणसाकडे किस्से नसतात. सकाळी जातो, संध्याकाळी ट्रॅफिकला शिव्या देत येतो, संपलं. नोकरी गेली की मात्र घरात किस्से साठायला लागतात, पावसाळ्यात पिठात टोके साठतात तसे. शारजात आमच्या बिल्डिंगखाली शाळेच्या बसची वाट बघत आम्ही चार-पाच जणी रोज उभ्या असतो. गेल्या तीन महिन्यांत तिथे सगळ्यात जास्त किस्से माझे झाले. बाकीच्या हसतात. मीही हसते. पण खरं सांगू, मला राग येतो आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाही, म्हणून लिहितेय.

*

आमचे हे दुबईत एका कंपनीत स्टोअरकीपर होते. सात वर्षं. एका गुरुवारी बोलावून सांगितलं, प्रोजेक्ट बंद झालं, तुम्हीही बंद.

शेवटच्या दिवशी एचआरच्या बाईंनी यांच्याकडून लॅपटॉप घेतला, गेटपास घेतला, आणि सांगितलं की व्हिसा कॅन्सल झाला की हेल्थ कार्डही बंद होईल. सहीसाठी कागद पुढे सरकवला. मग उठून हात मिळवला आणि म्हणाल्या, "टेक केअर ऑफ युअर हेल्थ."

हे घरी येऊन मला कौतुकाने सांगत होते, बाई फार चांगल्या होत्या म्हणून.

*

इथे एक विमा असतो. पगारदार माणूस महिन्याला थोडे दिरहम भरतो आणि नोकरी गेली तर तीन महिने मूळ पगारातला काही हिस्सा मिळतो. अट एवढीच की माणूस याच देशात पाहिजे आणि नवं काम शोधत पाहिजे. पहिला महिना मिळाला. आम्ही म्हटलं, चला, तीन महिन्यांत काहीतरी होईल.

झालं की. दुसऱ्या महिन्यात यांना कावीळ झाली.

डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात ताप, पाण्याचा घोट पोटात टिकेना. क्लिनिकमध्ये नुसत्या तपासण्यांचे चारशे दिरहम झाले, म्हणजे साडेनऊ हजार रुपये. डॉक्टर भले होते. म्हणाले, महिनाभर पूर्ण विश्रांती, कामाचं नाव काढायचं नाही. बाहेर काउंटरवरच्या मुलीने सवयीने विचारलं, "सिक लीव्ह सर्टिफिकेट बनाऊँ? कंपनी का नाम?"

मी म्हटलं, कंपनी नाही, नोकरी गेलीये.

ती टाइप करता करता थांबली. तिला खरंच प्रश्न पडला होता. "तो फिर सर छुट्टी किससे लेंगे?"

*

माधवीवहिनी आमच्या मजल्यावरच राहतात. दुबईतल्या सिलिकॉन ओएसिस भागात एका कंपनीत एचआरचं काम करतात, म्हणून बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे कायदे त्यांच्याकडे. मी त्यांना विचारलं, नोकरी गेल्याचे पैसे थांबवून आजारपणाचे पैसे लावून घेता येतात का? म्हणजे हे बरे होईपर्यंत त्या खात्यातून, आणि बरे झाले की परत या खात्यात.

वहिनी म्हणाल्या, असं दुसरं खातंच नाही गं. आजारपणाची रजा कंपनी देते. वर्षाला नव्वद दिवस. पहिले पंधरा पूर्ण पगार, पुढचे तीस अर्धा, बाकीचे बिनपगारी.

मी म्हटलं, मग यांची आहेच की. सात वर्षांत यांनी एक दिवस रजा घेतली नाही. ताप असताना गोळी खाऊन गेलेत. आमची लेक ईरा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलेत. कंपनीने त्याचा कागद दिलाय, फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. सगळ्या रजा शिल्लक असतील, त्यातल्या काही आता द्या म्हणावं.

वहिनी म्हणाल्या, "तू त्यांना एकदा तरी आजारी पडू द्यायचं होतंस."

मला तेव्हा कळलं. आजारपणाचे पैसे ज्याला नोकरी आहे त्याला. नोकरी गेल्याचे पैसे जो धडधाकट आहे त्याला. नोकरीही गेली आणि तब्येतही गेली, तर तो माणूस कोणत्याच फॉर्मवर नाही.

*

आता माझी चूक सांगते. ही सांगताना अजून कान गरम होतात.

मी सातवीपर्यंत शिकले. पण एक शिक्षण मला घरातच मिळालं होतं, ते म्हणजे मेडिकल टाकणे. माझे काका जिल्हा परिषदेत शिपाई. लग्नसराई आली की काका मेडिकल टाकायचे. एका वर्षी पोटदुखीचं मेडिकल टाकून पाच लग्नं जेवून आले. आमच्याकडे नोकरदार माणसाचा मेडिकलवर जेवढा विश्वास तेवढा देवावर नाही. डॉक्टरचा कागद जोडला की पुढचा माणूस बोलूच शकत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले.

मग माझ्याकडे तर खरा कागद होता. क्लिनिकचा शिक्का असलेला, खऱ्या काविळीचा, महिनाभर विश्रांती लिहिलेला.

दुसऱ्या महिन्याचा क्लेम भरायला मीच गेले, हे उठू शकत नव्हते. खाली टायपिंग सेंटर आहे, तिथे अश्रफभाई सगळ्यांचे सरकारी फॉर्म भरून देतात आणि आम्हा बायकांना बाजी म्हणजे ताई म्हणतात. मी त्यांना म्हटलं, हे सर्टिफिकेट पण जोडा. अश्रफभाईंनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं. "बाजी, ये किसी ने माँगा नहीं है."

मी म्हटलं, लगाओ. मागितलं नाही तरी बघतील तर खरं माणूस किती आजारी आहे.

बघितलं त्यांनी. चार दिवसांनी मेसेज आला. अर्जदार सध्या काम करण्यास असमर्थ दिसतो, म्हणून क्लेम होल्डवर.

काकांची सगळी खोटी मेडिकलं पास झाली. आमच्या घराण्यातलं पहिलं खरं मेडिकल मी टाकलं आणि तेच नापास झालं.

*

होल्ड म्हणजे काय ते समजून घ्या. ते दोन महिन्यांचे पैसे आले नाहीत तर मी ईराला घेऊन गावी जायचं आणि यांनी इथे कुणाच्या तरी खोलीत बेडस्पेस, म्हणजे नुसती एक कॉट, भाड्याने घेऊन आजारपण काढायचं, असं आमचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे हे बोलले आणि मी भांडी घासत राहिले.

मी विमावाल्यांच्या कॉल सेंटरला फोन लावायला लागले. पंचवीस मिनिटं गाणं ऐकायचं, मग माणूस येतो. प्रत्येक वेळी नवा. मी प्रत्येकाला पहिल्यापासून कावीळ सांगायची. एकाने तर लक्षणं नीट ऐकून घेतली आणि मुळ्याचा रस सांगितला.

शेवटी एक जण खरं बोलला. म्हणाला, मॅडम, सरांना उद्या इंटरव्ह्यूला बोलावलं तर ते जाऊ शकतात का? मी म्हटलं, ते बाथरूमपर्यंत जाऊ शकत नाहीत.

तो म्हणाला, "मॅडम, आप सच बोलते रहेंगे तो मैं कुछ नहीं कर पाऊँगा."

*

गावाहून सासूबाईंचा फोन. त्यांना एकच माहीत, काविळीला डॉक्टर चालत नाही. आमच्या गावाजवळ एक म्हातारा झाडपाल्याचं औषध देतो, तीन गुरुवार. माझ्या पोराला घेऊन ये.

मी सांगितलं, आई, हे देशाबाहेर गेले की पैसे कायमचे बंद.

त्या म्हणाल्या, मग माझ्या मुलाला बरं व्हायला सरकारची परवानगी लागते का?

मी म्हटलं, नाही आई, बरं व्हायला लागत नाही. आजारी पडायला लागते.

त्यांना वाटलं मी उलटून बोलले. आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. फोन करायच्या आणि ईराला म्हणायच्या, बाबांना दे. ईरा म्हणायची, "आजी, ही इज स्लीपिंग. ही इज ऑलवेज स्लीपिंग."

*

ईरा पहिलीत आहे. शाळेत 'माय फॅमिली'चं चित्र काढायला सांगितलं. तिने मला काढलं, स्वतःला काढलं, आणि बाबांना पिवळ्या खडूने पूर्ण रंगवलं. चेहरा पिवळा, हात पिवळे. डोळ्यांसाठी तर खडू दाबून दाबून कागद फाटायला आला होता.

टीचरने खाली लाल पेनने लिहून पाठवलं, कृपया घरी माणसांचे योग्य रंग शिकवा.

मी विचारलं, ईरा, तू टीचरला सांगितलं नाहीस का? ती म्हणाली, "यू सेड डोन्ट टेल एनीवन."

बरोबर आहे. मीच सांगितलं होतं. तोपर्यंत आमच्या घरात कावीळ हा शब्दच बंद झाला होता.

*

बंद का झाला, तर माधवीवहिनींनी नवा अर्ज करून दिला होता. त्यात लिहिलं, अर्जदार आता बरा आहे, काम शोधत आहे. विमावाल्यांचं उत्तर आलं, एक ऑफिसर व्हिडिओ कॉलवर बघेल आणि मग ठरेल. मंगळवारी सकाळी अकरा वाजता.

ताप उतरला होता. पण डोळे अजून पिवळे होते आणि हे दहा मिनिटांच्या वर बसू शकत नव्हते.

मंगळवारी ईराला बसमध्ये बसवलं आणि बस-स्टॉपवरच्या सगळ्या जणी माझ्या घरी आल्या. त्यातल्या स्नेहलने पार्लरचा कोर्स केलाय, ती तिची पेटी घेऊन आली. यांना खुर्चीत बसवलं, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, वर टाय. खाली लुंगीच होती, कारण पँट कमरेला राहत नव्हती. स्नेहलने चेहऱ्याला फाउंडेशन लावलं. हे डोळे मिटून म्हणाले, लग्नातसुद्धा एवढं केलं नव्हतं.

चेहरा झाला. डोळ्यांचं काय करणार? गॉगल घालून कोण काम शोधतं?

मग रजा टाकून आलेल्या माधवीवहिनींना सुचलं. त्या घरून पिवळ्या बल्बचा दिवा घेऊन आल्या. पडदे ओढले, ट्यूब बंद केली, दिवा बरोबर समोर ठेवला. सगळी खोलीच पिवळी झाली. भिंत पिवळी, शर्ट पिवळा, त्यात डोळे कुठे वेगळे दिसतात? आणि अजून खात्री म्हणून वहिनींनी मला यांच्या शेजारी बसवलं. म्हणाल्या, दोघं सारखीच पिवळी दिसलात तर त्याला वाटेल कॅमेराच तसा आहे. बाकीच्या स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून उभ्या राहिल्या.

बरोबर अकराला कॉल आला. ऑफिसर आपल्याकडचाच होता, मध्यम वयाचा, चष्मा. हिंदीत बोलला. सर, नाव सांगा. सर, आयडी दाखवा. सर, काम शोधताय? यांनी इंटरव्ह्यूच्या आवाजात सगळी उत्तरं दिली. खुर्चीखालून यांचा हात माझ्या हातात होता.

त्याने विचारलं, अभी तबियत कैसी है?

हे म्हणाले, "फर्स्ट क्लास."

कधी जॉइन होऊ शकता? हे म्हणाले, आज.

तो चष्म्यातून बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. पुढे वाकून बघितलं. मला वाटलं, गेलं. मग त्याने खाली काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, ठीक आहे सर, तुमचा क्लेम मी सुरू करतोय, तुमच्यात मला काही प्रॉब्लेम दिसत नाही.

स्वयंपाकघराच्या दारामागे कुणीतरी श्वास सोडला.

तो कॉल बंद करणार, तेवढ्यात थांबला. "सर, बुरा मत मानना. आप तो ठीक हैं, पर ये साथ में मॅडम बैठी हैं, इनको किसी डॉक्टर को दिखाइए. ये बहुत बीमार लग रही हैं."

यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा असं नीट, वरपासून खालपर्यंत.

मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, "नो सर. आय ॲम फिट."