तिसऱ्या भागाचं उद्यापन

पोथी वाचली की पुण्य साठतं म्हणतात. आमच्या गुरुवारच्या मंडळात पुण्य किती साठलं ते देव जाणे, किस्से मात्र इतके साठलेत की वाती वळायला बसलं की एखादा निघतोच. आणि गेल्या वर्षभरातले बहुतेक एका इंग्रजी गोष्टीपायी आहेत. तीही जादूची, अकरावी-बारावीच्या पोरांसाठी लिहिलेली. जिनं लिहिली त्या बाईला एकदा इंदूरला बोलावून समोर बसवायचंय मला. चहा देईन, पोहे देईन, आणि मग विचारीन.

*

सुरुवात आमच्या ईरापासून. अकरावीत गेली आणि दिवसभर पुस्तकात तोंड खुपसून बसायला लागली. मी म्हटलं, काय वाचतेस ते मला पण सांग. तिनं सांगितलं. नेवा नावाची मुलगी, तिचा धाकटा भाऊ तिमो. एक दुष्ट राणी तिमोला दगड करून टाकते आणि नेवा त्याला सोडवायला निघते. पहिला भाग संपला तरी तो दगडच!

मी देवापुढे बसले होते, हातात अक्षता. चातुर्मासात काही ना काही सोडायची सवय जुनी, त्यामुळे तोंडातून निघूनच गेलं, "देवा, हे लेकरू सुटेपर्यंत मी जिलबी सोडली."

ईरा हसत सुटली. "आई, फिक्शन आहे ते. तिमो सच्चीमुच्ची नाहीये."

"अक्षता तर सच्चीमुच्च्या होत्या ना?" मी म्हटलं.

इंदूरात जिलबी सोडणं म्हणजे काय, ते इंदूरकरालाच कळेल. तिच्याशिवाय पोहे म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ. हे दर रविवारी आणायचे, आणि माझ्या वाटणीची ईरा खायची. वर बोटं चाटायची.

*

दुसरा भाग मंडळात आला. माझा नेम कळल्यावर कुमुदताई म्हणाल्या की संकल्प एकटीनं ओढू नये, सगळ्याजणी ऐकू. कुमुदताई आमच्यात सर्वांत मोठ्या, रिटायर्ड शिक्षिका, नियमाच्या पक्क्या. ठरलं असं की गुरुवारी पोथी झाली की ईरानं इंग्रजी वाचून मराठीत सांगायचं, मध्ये हिंदी येईल तेवढी येऊ द्यायची. नियम एकच, अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही.

मंगलवहिनी आमच्या शेजारच्या. त्यांचे मिस्टर फौजेत होते, महूहून रिटायर झाले. नेवा राणीचा किल्ला चढत होती आणि वहिनींच्या घरातून डाळ जळल्याचा वास यायला लागला. सगळ्यांनाच आला. वहिनींनी कुमुदताईंकडे पाहिलं. कुमुदताईंनी नकारार्थी मान हलवली. डाळ गेली, कुकर पण गेला.

पण वहिनींचा संताप वेगळ्याच गोष्टीवर. म्हणाल्या, "एवढं मोठं राज्य, आणि किल्ल्यावर एकटी पोरगी धाडतात? एक बटालियन नाही यांच्याकडे?"

माझं म्हणणं आणखी वेगळं. ही मुलगी जेवते कधी? डोंगर चढली, रान तुडवलं, तलवार चालवली, आणि अख्ख्या भागात पोटात काय, तर एक सुकलेलं सफरचंद. लिहिणाऱ्या बाईच्या घरी स्वयंपाक कोण करतं, हे मला कळलंच पाहिजे.

*

तिसरा भाग आणायला मी आणि ईरा भंवरकुआंला गेलो. तिकडे सगळी दुकानं कोचिंगच्या मुलांसाठी, नुसत्या गाइडांच्या चळती. दुकानदारानं पुस्तकाचं नाव ऐकलं, डोकं खाजवलं आणि विचारलं, "कौन सी एग्ज़ाम का है, आंटीजी?"

ईरा म्हणाली, "मम्मी के व्रत का है, भिया."

त्याला काय समजलं कोण जाणे. त्यानं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं, फोन करून दुसऱ्या दुकानातून पुस्तक मागवलं, आणि पिशवीत घालताना म्हणाला, "टेंशन मत लो आंटीजी. तीसरे में सबका हो जाता है."

खरं सांगते, त्या एका वाक्यावर मी महिनाभर जगले.

*

तिसऱ्या भागाच्या मध्यावर नावाडीबाबा गेले. पहिल्या भागापासून नेवाला प्रत्येक नदी पार करून देणारा म्हातारा. तिला "बाळ" म्हणणारा तेवढा एकच होता. राणीच्या शिपायाचा बाण लागला आणि संपलं. अर्ध्या पानात! एवढ्या सज्जन माणसाला अर्धं पान?

कुमुदताईंनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, आपल्या कहाण्यांमध्ये कुत्रा-मांजर मेलं तरी त्याला गती मिळते, या बाईला एवढं सुद्धा सुचू नये.

मंगलवहिनी उठून घरी गेल्या. अध्याय संपला होता, म्हणून कोणी अडवलं नाही. थोड्या वेळानं परत आल्या तर केस ओले.

"वार्ता ऐकल्यावर अंघोळ नको करायला?" म्हणाल्या.

ईरानं समजावलं की काकू, ते आपले कोणी नव्हते, आपल्याला सुतक नाही.

"तीन भाग सोबत केली त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "आमच्या मोठ्या दिरांनी तरी कुठे केली एवढी?"

*

शेवटचे अध्याय राहिले तसा मला धीर धरवेना. हे म्हणाले, एवढा जीव टांगणीला लावण्यापेक्षा शेवटचं पान बघून टाक. मी कुमुदताईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, फलश्रुती आधी वाचली तर पारायण बाद. विषय संपला.

त्यानंतर हे एकदम बदलले. सकाळी चहा करून माझ्या हातात आणून दिला. निम्मं दूध ओट्यावर होतं, पण चहा होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! दुसऱ्या दिवशी पण तेच. रविवारी पोह्यांबरोबर जिलबी आणलीच नाही, म्हणाले तुझ्यासमोर खायला बरं वाटत नाही. मी ईराला बाजूला घेऊन विचारलं की बाबांची तब्येत बरी आहे ना, डॉक्टर काही बोलले का.

ईरा म्हणाली, "बाबांनी लास्ट पेज वाचलंय, आई."

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. वाचलं याचा राग होताच. पण असं काय आहे त्या पानावर, की माणूस चहा करायला लागावा?

*

गुरुवारी उद्यापन ठरलं. पुरणपोळ्या केल्या, पुस्तक पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. हे ऑफिसमधून लवकर आले, जिलबीचा गरम पुडा घेऊन, आणि दारातच उभे राहिले. ईरानं शेवटचा अध्याय काढला.

तिमो सुटला. डोळे उघडले, श्वास घेतला, बहिणीचं नाव घेतलं. माझे हात आपोआप जोडले गेले.

मग ईराचा आवाज बारीक झाला. राणीची अट होती, एकाच्या बदल्यात एक. नेवानं भावाचा हात धरला आणि उभ्याउभ्या दगड झाली. खाली एक ओळ, पुढचा भाग लवकरच.

लवकरच! मागच्या कव्हरवर त्या बाईचा फोटो होता. मी तो समोर धरून म्हटलं, "तीन भाग पोरीला उपाशी चालवलंत, आणि शेवटी हे?" फोटोतली बाई हसतच होती.

नैवेद्य दाखवलेला, म्हणून पानं वाढली. कुमुदताईंनी पुरणपोळी संपवली, वर अर्धी मागून घेतली, हात धुऊन आल्या आणि निवाडा दिला. "संकल्प मुलाचा होता. मुलगा सुटला. तुझं व्रत पुरं झालं, मनात किंतु आणू नकोस. घे जिलबी."

नियमानं बरोबरच होतं. ह्यांनी पुडा उघडला. मी एक उचलली, मोडली आणि अर्धी ईरापुढे धरली.

ईरानं हात मागे घेतला. "मला नको."

"का गं?"

"ती सुटेपर्यंत नको."

मी दोन्ही तुकडे पुड्यात परत ठेवले. ह्यांनी आमच्या दोघींकडे पाहिलं आणि पुडा मंगलवहिनींपुढे सरकवला. वहिनींनी कापूस जवळ ओढला आणि वाती वळायला घेतल्या. मग पुडा कुमुदताईंपुढे गेला.

कुमुदताईंनी पुडा बंद केला.

"मला शुगर आहे," त्या म्हणाल्या.